आल्याशिवाय पुकारायचं नाही

यंदा माघात मी एका रसवंतीवरची भगवी ताडपत्री पळस म्हणून जाहीर केली. नुसती जाहीर करून थांबलो असतो तर घरातल्या घरात मिटलं असतं. पण मी ओळखीची जीप सांगितली, तीत शेजारच्या इंगळेकाकांना दोघांकडून उचलून बसवलं, त्यांच्या मागेपुढे उशा लावल्या, इंगळेकाकू, आमची ही, पाण्याची बाटली असं सगळं भरलं आणि बुलढाण्याहून राजूर घाट उतरायला लागलो. आदल्या दिवशी मोताळ्याहून मोटरसायकलवर येताना मी लांबून ते भगवं पाहिलं होतं. मोठ्या वळणाखाली, सागाच्या उघड्यावाघड्या झाडांमध्ये, अगदी पेटल्यासारखं. जीप जवळ गेली तेव्हा त्या पळसाच्या चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या दिसल्या, आणि खाली एक गृहस्थ चरकात ऊस घालत होते.

आमच्या हिने तोंडाला पदर लावला आणि खिडकीबाहेर पाहायला लागली.

मुळात हे काम माझं नव्हतं. पळस फुलला, मोहर आला, बोरं पिकली हे आमच्या गल्लीत जाहीर करायचं काम इंगळेकाकांचं. काकांची वाचा गेली म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं, आणि पहिल्याच फटक्यात मी काकांचा जन्मभराचा नियम मोडला.

इंगळेकाका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्टँडवरच्या ज्या खोलीला लोक नुसतं 'कंट्रोल' म्हणतात, त्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. समोर जाळीची खिडकी, टेबलावर माईक, डोक्यावर करकरणारा पंखा. खिडकीतून दिसायचं ते फलाट, गाड्यांची नाकं आणि 'साहेब, धाडची लागली का' म्हणून विचारणारे चेहरे. गुरुवारी शेगावला जाणाऱ्यांची गर्दी झाली की चेहरेही दिसायचे नाहीत, नुसते हात दिसायचे.

घरी काका अस्सल वऱ्हाडी. "काबे, काऊन उन्हात उभा राह्यला?" असं विचारणारे. पण माईकचं बटण दाबलं की त्यांच्या तोंडून एकदम इस्त्री केलेली मराठी यायची. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मेहकरमार्गे डोणगावला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे." लहानपणी मला खात्री होती की कंट्रोलमध्ये दोन माणसं बसतात. एक आपले काका, आणि दुसरा कोणीतरी शहाणा माणूस.

त्यांचे नियम दोनच. पहिला: गाडी फाटकातून आत वळलेली स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय पुकारायची नाही. मागच्या स्टँडवरून गाडी निघाल्याचा फोन आलेला असो, ड्रायव्हर चहा पिताना दिसलेला असो, काही असो. "आल्याशिवाय पुकाराचं नाही," ते सांगत. "आपण पुकारलं का लोकं सामान उचलून उठतात ना बे. बाया लेकरं कडेवर घेतात. मंग गाडी नाही आली तर ते पुन्हा खाली बसताना पाहावत नाही." दुसरा नियम: पुकारायचं ते दोनदा. "पह्यल्यांदा लोकं बोलण्यात असतात. आपलं आपल्यालेच आयकू येते. दुसऱ्यांदा त्यायले आयकू येते."

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने काकांनी ओट्यावर बसून गल्लीत येणारी प्रत्येक वस्तू पुकारली. भाजीची गाडी, गॅसची गाडी, आमचा जावई. काकू वैतागून गेल्या होत्या. "घरात फलाट नाही ना, म्हणून मलेच उभं करून ठेवतात," असं त्या आमच्या हिला सांगत. काका दिवसेंदिवस वाळत चालले होते. घड्याळ पाहायचे आणि काहीच सुटायचं नसल्यामुळे पुन्हा पाहायचे.

मग एकदा त्यांना मुलीकडे, पुण्याला जायचं होतं. मलकापूरहून रेल्वे. एसटी घाटात बंद पडली. प्रवासी ओरडायला लागले तसे काका सवयीने खाली उतरले आणि ड्रायव्हरला सूचना द्यायला लागले. ड्रायव्हर त्यांच्या हाताखालून गेलेला. तो म्हणाला, "साहेब, आता तुमी रिटायर झाले ना. तुमी तिकडं झाडाखाली बसा. आमी पाहतो."

काका रुसून झाडाखाली बसले. ते झाड पळसाचं होतं, आणि महिना फाल्गुन.

दुसरी गाडी आली, सगळे चढले, काका चढलेच नाहीत. संध्याकाळच्या आत उलट येणाऱ्या गाडीने घरी परतले. रेल्वे गेली, तिकीट गेलं. काकूंना वाटलं तब्येत बिघडली. काका अंगणात उभे राहून त्यांना विचारत होते, आणि मी कुंपणापाशी होतो म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"कावं, आपल्या घाटात हे दरसाल होते काय?"

"काय?"

"हे असं. लाल. पान एक नाही आन नुसतं लाल."

"पळस ना? होते ना. दरसालच होते."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

काकू म्हणाल्या, "तुमी गाड्या सोडाले बसले होते. तुमाले कोणं सांगाव?"

काका कुंपणाकडे वळले. मग मला म्हणाले, "पाह्य प्रकाश. अख्खा जिल्हा म्या त्या घाटातून खाली पाठवला. जो तो परत आला आन खिडकीवर येऊन मलेच इचारते, पुढची कधी हाये. एकानंही नाही सांगतलं का साहेब, खाली असं असं हाये."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती उणीव भरून काढायला सुरुवात केली. सकाळी मी दाढीला बसलो की फोन वाजायचा. "कृपया लक्ष द्यावे. कोर्टाच्या आवारातील आंब्याला मोहर आलेला आहे. कृपया लक्ष द्यावे. कोर्टाच्या आवारातील आंब्याला मोहर आलेला आहे." आणि फोन बंद. आपण काही बोलावं अशी त्यांची अपेक्षाच नसे. घोषणेला कोणी उत्तर देतं का? मी साबणाच्या तोंडाने "हो हो" म्हणायचो तोवर ते पुढच्या घरी लागलेले असायचे. मी ऑफिसला जायचो. आमची ही मात्र भाजी आणायच्या निमित्ताने कोर्टाकडून जायची आणि पाहून यायची. बारा महिन्यांच्या घोषणा मी ऐकल्या, पाहिल्या तिने. आमच्या संसारातली कामाची वाटणी सगळीच अशी आहे.

आता कोणाला वाटेल काका मोठे जाणकार झाले. छे. त्यांना झाडातलं काही कळत नव्हतं. पिवळं फुललेलं जे काही असेल त्याला ते बहावा म्हणत. शेवटी गल्लीतल्या देशपांडे सरांना राहवलं नाही. ते शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. "इंगळे, तो बहावा नव्हे, सोनमोहर." काका म्हणाले, "सर, पाटी चुकली असंन. गाडी तर आली ना?" सर हसले आणि त्यानंतर त्यांनी पाटी दुरुस्त करणं सोडून दिलं. पक्ष्यांची नावं काकांनी विचारलीच नाहीत, स्वतःच ठेवली. कलकलाट करत अंगणात उतरणारे सातभाई म्हणजे युनियनची मीटिंग. एकच निरोप दिवसभर सांगणारा पावशा म्हणजे साहेबाचा पीए. ते सांगायचे तेव्हा हसायचे नाहीत. ही त्यांची ओळखीचीच माणसं होती, नुसती बदली होऊन आलेली.

एकदा दसरा झाल्यावर घाटातल्या बाईच्या टोपलीतून त्यांनी सीताफळं आणली आणि एक माझ्या हातात ठेवलं. "डोळे उघडले हायेत त्याचे. पण उद्या खाय." मी घरी आलो, दाबून पाहिलं, थोडं मऊ लागलं असं मनाशी ठरवलं आणि सुरीने कापलं. आत पांढरंफटक, कच्चं. सुरीने सीताफळ कापणारा माणूस वऱ्हाडात मीच असेन. काकूंनी दिलेली ताटली परत करायला ही गेली तेव्हा तिने ते सगळं तिथे रंगवून सांगितलं. संध्याकाळी काका कुंपणाशी आले. रागावले नाहीत. त्यांना खरंच कोडं पडलं होतं.

"तुले कुठं जायाचं होतं काबे?"

"नाही काका, घरीच होतो."

"मंग?" म्हणाले. मग कुंपणाला रेलून म्हणाले, "म्या जिंदगीभर गाड्या टायमावर सोडल्या. कोणी उशीर केला का मेमो. आता ह्यायची येळ ह्यायच्याच हातात. आपण नुसतं बसून पाहाचं. एवढी मजा मले नोकरीत नाही आली."

एका वर्षी मोहर लांबला. लोक आपापल्या कामात होते, मोहर लांबल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पण काकांना चैन पडेना. एका सकाळी फोन आला, आवाज अगदी सरकारी. "आंब्याचा मोहर काही अपरिहार्य कारणामुळे उशिराने येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." दोनदा. मी पहिल्यांदाच दाढी थांबवून हसलो, आणि गाल कापून घेतला.

या वर्षी संक्रांत झाली आणि काकांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांच्याजवळ एकच शब्द शिल्लक होता: हाव, म्हणजे हो.

"काका, पाणी देऊ?" "हाव." "दुखते का कुठं?" "हाव." "दुखत नाही ना?" "हाव." आपला प्रश्न पुरा व्हायच्या आधीच हाव यायचा, खुंटीला टांगल्यासारखा तयार. चेहऱ्यावरून काही कळावं तर अर्धा चेहरा उतरलेला. डोळे मात्र तेच, जाळीतून पाहिल्यासारखे. काकू एकदा त्यांचं तोंड पुसताना म्हणाल्या, "आख्खी जिंदगी बोलले, आन उरला तो हाव. 'नाही' तरी ठेवाचा होता. मले भांडता तरी आलं असतं."

मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. काय बोलायचं ते सुचायचं नाही. मग मी कुठे काय फुललं ते सांगायचो आणि मला मोगरा आणि गुलाब यांच्यापलीकडे काही सांगता येत नाही हे ध्यानात यायचं. काका खिडकीकडे पाहत. खिडकीबाहेर शेवग्याची एक फांदी होती, फुलांनी भरलेली. ती त्यांना दिसत होती. दिसतंय हे कोणाला सांगता येत नव्हतं. पाहिलं की सांगायचं, आणि सांगितलं की पाहणं पुरं झालं, असा ज्याचा शिरस्ता, त्या माणसाचं पाहणं आता रोज अर्धवट राहत होतं. मी समोर बसून ते पाहत होतो आणि माझ्याने काही होत नव्हतं.

मुलगी, वर्षा, पुण्याहून आली. नोकरी तिथे, शाळेतली मुलं तिथे. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, माझ्याकडे यायचं ना पुण्याला?"

"हाव."

झालं. सामान काढायला सुरुवात झाली. मला राहवलं नाही. मी पलंगाशी वाकून, जरा मोठ्यानेच विचारलं, "काका, इथंच राह्याचं ना बुलढाण्यात?"

"हाव."

मी मोठा मुद्दा मांडल्यासारखा सरळ झालो आणि वर्षाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"प्रकाशदादा, मलाही कळतं हो, ते कशालाही हाव म्हणतात. पण मी दुसरं कोणाला विचारू?" मग नाक ओढून म्हणाली, "आईचे गुडघे पाहता ना तुम्ही? दिवसातून किती वेळा उचलावं लागतं त्यांना. तुम्ही येणार आहात का रोज?"

माझ्या कमरेला तेव्हा पट्टा होता. पाण्याचा माठ हलवताना धरलेली कंबर. मी त्या पट्ट्याकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. तिचं बरोबर होतं. काकूंना विचारावं तर त्या भिंतीकडे तोंड करून काकांच्या बंड्यांच्या घड्या घालत होत्या.

मग माझ्या हातात एवढंच राहिलं की जायच्या आधी त्यांना पळस दाखवायचा. झाडाखाली बसवायचं आणि एकदा पाहू द्यायचं. रजा संपायच्या आत वर्षाला निघायचं होतं आणि पळस काही रजेचं बघून फुलत नाही. मी ऑफिस सुटलं की घाट उतरून मोताळ्यापर्यंत जाऊन यायचो. कळ्या काळ्या-काळ्या, मिटलेल्या. आणि मग ते भगवं दिसलं. उतरून जवळ जाऊन पाहायला हवं होतं. आल्याशिवाय पुकारायचं नाही, हे ज्याच्याकडून जन्मभर ऐकलं त्याच्याच पलंगाशी जाऊन मी धापा टाकत सांगितलं, "काका, आला. पळस आला." काकांचा डावा हात एकदम उचलला गेला. सामान घेऊन उठल्यासारखा.

तर ती जीप ताडपत्रीसमोर उभी होती. काकू म्हणाल्या, "होते बाप्पा असं, लांबून." रसवंतीवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आलं, तो ग्लास घेऊन आला. काकांना पातळ प्यायची मनाई होती, ठसका लागायचा. काकूंनी करंगळी रसात बुडवून त्यांच्या ओठाला लावली. त्यांच्याकडे पाहायची माझी हिंमत होत नव्हती. मला तेच दिसत होतं: लेकरं कडेवर घेतलेल्या बाया पुन्हा खाली बसताना.

काय करावं ते न कळून मी जीपच्या दाराशी ताठ उभा राहिलो आणि नाकातून आवाज काढला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पळस काही अपरिहार्य कारणामुळे उशिराने येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मग काकांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. घशातून खरखर आली. काकू घाबरून पाठ चोळायला लागल्या. तेव्हा आमची ही म्हणाली, "काकू, ठसका नाही तो. हसून राह्यले." खांदा हलत होता, उशी घसरली होती, आणि अर्ध्या तोंडाने काका हसत होते. वर येताना सबंध घाटभर काकू त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसत होत्या. ते हसण्याचंच होतं असं आम्ही सगळे धरून चाललो.

दोन दिवसांनी ते भाड्याच्या गाडीने पुण्याला निघाले. पुण्याचा रस्ता धाडकडून जातो, घाटाच्या बरोबर उलट दिशेला. जाता जाता घाट दाखवणंही जमण्यासारखं नव्हतं. काकांना पुढच्या सीटवर, पट्टा लावून, डावीकडे बसवलं होतं. गल्ली अरुंद, गाडी मागे घ्यावी लागत होती, आणि ड्रायव्हर आरशात पाहून गोंधळला होता. तेव्हा खिडकीतून काकांचा डावा हात बाहेर आला. येऊ द्या, येऊ द्या, असा तळवा हलला. मग थांबला. गाडी सरळ झाली, आणि त्या हाताने बाहेरून दारावर दोन थापा मारल्या. कंडक्टर मारतात तशा. चला.

गाडी गेली. शेवग्याच्या फुलांचा सडा चाकांनी दोन रेघांत विस्कटला होता.

पळस त्यानंतर फुलला. आधी मी कोणालाच सांगितलं नाही. रविवारी सकाळी हिला मागे बसवलं, घाट उतरलो, मोटरसायकल कडेला लावली, चालत झाडापर्यंत गेलो, बुंध्याला हात लावला, खाली पडलेलं फूल उचलून हिच्या हातात दिलं आणि विचारलं, "आता तरी खात्री पटली का?" ती म्हणाली, "दोऱ्या बांधल्या हायेत का पाहून घ्या आधी." घाटात व्हिडिओ काही लागत नव्हता, साधा फोन लागला. वर्षाने उचलला. मी म्हणालो, "काकांच्या कानाला लाव." आणि आमच्या हिलाही ऐकू यावं म्हणून मी स्पीकर सुरू केला.

घसा खाकरला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. राजूर घाटात पळस फुललेला आहे."

तिकडून काही नाही. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. वरच्या फांदीवर युनियनची मीटिंग चालू होती, ती कदाचित तिकडेही ऐकू जात असेल.

मी दुसऱ्यांदा पुकारलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. राजूर घाटात पळस फुललेला आहे."

बराच वेळ गेला.

"हाव," काका म्हणाले.

वर्षाने फोन घेतला, "ठेवते हं दादा, त्यांना भरवायचंय," म्हणाली. मी फोन खिशात टाकला आणि झाडाखालीच बसलो. मला वाटलं होतं की काहीतरी वेगळं येईल. काय, ते मला माहीत नव्हतं. मी हिला म्हणालो, "हाव तर ते सगळ्यालाच म्हणतात."

ती फूल उलटंपालटं करून पाहत होती. म्हणाली, "म्हणतात. पण रोज तुमचं बोलणं संपाच्या आंधी म्हणत. आज पुरं आयकून घेतलं."